बोरू उजव्या हातात, हुकूम डावीकडून

वरंधहून शिवथरघळीकडे वळलात, की धबधब्याचा आवाज आधी येतो, घळ नंतर दिसते. पायऱ्या चढता चढता एसटीचा हॉर्न मागे पडतो, कठडे नाहीसे होतात आणि साल येतं 1659. (दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची 4760 वर्षं झाल्याचा हिशेब आहे, तो याच सालाशी जुळतो. तेव्हा आपण फार चुकीच्या पावसात उतरलेलो नाही.)

तुम्ही कल्याणस्वामींच्या जागी बसला आहात. मांडीवर फळी, फळीवर जाडसर कागद, शेजारी काजळीची शाई. समर्थ रामदास दासबोध सांगतात, तुम्ही लिहिता. पाण्याच्या गजरात शब्द पकडायला कान टवकारावे लागतात. ओवी संपते. तुम्ही बोरू बुडवता, दौतीच्या काठाला निथळता आणि 'क' काढायला घेता.

थांबा. बोरू अजून टेकलेला नाही, पण कपाळामागे जुळवाजुळव केव्हाच सुरू झाली आहे. हात उजवा, हुकूम मात्र सुटतो मेंदूच्या डाव्या बाजूकडून. मेंदूचा देठ मज्जारज्जूला मिळतो तिथे बहुतेक तंतू बाजू बदलतात आणि मानेच्या तळापर्यंत उतरतात. तिथल्या चेतापेशींचे धागे थेट बोटांच्या स्नायूंपर्यंत गेलेले असतात. धाग्याच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन झिरपतं आणि स्नायू आकसतो. डोक्यापासून बोटापर्यंतचा हा प्रवास साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतो.

निरोप पोचला म्हणजे अक्षर झालं असं मात्र नाही. 'क'चं पोट वळवताना एक स्नायू ओढतो तेव्हा समोरच्याला बेतानेच सैल व्हावं लागतं. स्नायूंकडून, सांध्यांकडून उलट खबर येत राहते. योजलेली रेघ आणि पडलेली रेघ लहान मेंदू ताडून पाहतो, वळण सावरतो. तुम्हाला यातलं काहीच कळत नाही. तुम्ही मनात फक्त 'क' म्हणालात. मला तर हे कारभाऱ्यांचं राज्य वाटतं. धनी एक शब्द बोलतो, बाकीचं खालचे लोक निभावतात.

तेवढ्यात डाव्या हाताचं बोट पणतीच्या ज्योतीला लागतं. हात मागे येतो, भाजल्याचं मागाहून कळतं. मेंदूची वाट न बघता मज्जारज्जूने परस्पर निकाल लावला. पण कागदावर डाग पडू नये म्हणून तुम्ही बोरू अलगद बाजूला धरलात ना, ते तुमचं.

हाताला शिकवावं लागतं हे समर्थांना पक्कं ठाऊक होतं. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, ही त्यातली अपेक्षा. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगाला येत नाही, असाही व्यवहारी सल्ला आहे. दासबोधाच्या ओव्या 7751. एवढ्या ओव्या एका वळणात उतरवायच्या तर आधी हजारो अक्षरं गिरवलेली हवीत. तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढलं की मेंदूतल्या पेशींमधले जोड पक्के होत जातात, आणि मग लक्ष अक्षरावरून उठून ओवीकडे जाऊ शकतं.

या पावसात हे कोणीच तुम्हाला सांगू शकणार नाही. थॉमस विलिस यांचा मेंदूरचनेवरचा ग्रंथ 1664 चा. फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला सौम्य वीज लावून विरुद्ध बाजूचा पाय हलवून दाखवला तो बर्लिनमध्ये, 1870 साली. ही घळसुद्धा लोकांच्या स्मरणातून गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती 1930 मध्ये शोधली.

एसटीचा हॉर्न पुन्हा ऐकू येतो. निघण्याआधी समर्थांपुढे लिहीत बसलेल्या कल्याणस्वामींच्या मूर्तीकडे जरा वळून बघा. लोक समर्थांना नमस्कार करून निघतात, त्या हाताकडे फारसं कोणी पाहत नाही.