डोंगराला वळसा

गणपतीपुळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्र दिसतो, देऊळ दिसतं. डोंगराकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. खरं तर इथे डोंगर हाच देव. म्हणून इथली प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची. सुमारे एक किलोमीटरची बांधीव वाट आहे. देवाच्या डोंगरावर पाय द्यायचा नाही, त्याला वळसा घालायचा, असं आम्हाला घरात शिकवलं होतं. आज लिहायचं आहे सायकलीच्या इतिहासाबद्दल, पण हा वळसा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हल्ली जाड दातेरी टायरच्या, गिअरवाल्या सायकली घेऊन तरुण मुलं आमच्या सड्यांवर येतात. माझा पुण्याचा नातूही त्यातलाच. "आजोबा, ही रस्त्यावरची सायकल नाही, डोंगरातली आहे," असं तो मला समजावतो. मला गंमत वाटते. १९७४ साली मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझी काळी चोवीस इंची सायकल दुसरं काय करत होती? घरून निघालं की गडग्यांमधली पाखाडी, मग साकव, मग घाटी चढून सडा. अर्धा वेळ मी सायकलवर आणि अर्धा वेळ सायकल माझ्या खांद्यावर. पावसात दांड्याचे ब्रेक लागत नसत, मग वहाणेचा तळवा टायरला घासायचा. पोस्टमनची हीच तऱ्हा. याला कोणी खेळ म्हणत नव्हतं.

आपल्याकडे याहून मोठं धाडस आधीच झालं होतं. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! इराण, इराक, सिनाईचं वाळवंट, कितीतरी ठिकाणी रस्ता असा नव्हताच. शाळेच्या पुस्तकांत ही नावं मला कधी भेटली नाहीत, याचं वाईट वाटतं.

डोंगरातल्या सायकलीचा खेळ झाला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथली काही पोरं १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, वजनदार, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून मातीच्या वाटांवरून खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. साधारण दोन मैलांत १३०० फुटांचा उतार. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. इंग्रजीत असं पुन्हा भरण्याला 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या वाटेचं नावच रीपॅक पडलं. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास अशा सायकलीचा सांगाडा बनवला. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने अशा सायकली निघू लागल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखलही झाला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिक!

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मरीनच्या अरुंद पायवाटांवर चालणारे होते, घोडेस्वार होते. अंगावर सायकली येऊ लागल्या, वाटा उखडू लागल्या, तक्रारी झाल्या. १९८० च्या दशकात तिथल्या बऱ्याच अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. जिथे खेळ जन्मला तिथेच दार लागलं. मग १९८८ मध्ये सायकलवाल्यांनी एकत्र येऊन संघटना काढली, नियम केले आणि वाटा बांधायला, राखायला ते स्वतः शिकले.

याचं चांगलं फळ वेल्समध्ये दिसलं. १९९० च्या दशकात तिथल्या कोएड-इ-ब्रेनिन या सरकारी जंगलात डॅविड डेव्हिस या वनरक्षकाने खास सायकलींसाठी वाटा आखल्या. सायकलीने कुठून जायचं हे आधी ठरलं, म्हणून बाकीचं रान मोकळं राहिलं. अशा वाटेला उताराच्या बाजूला किंचित कल देतात. त्यामुळे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं, वाट धरून धावत नाही आणि माती टिकते. हे वाचलं आणि मला आमची पाखाडी आठवली. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलत त्या जांभ्याच्या पायऱ्या पिढ्यानपिढ्या टिकल्या, कारण बांधणाऱ्यांनी आधी पाण्याची वाट काढून दिली आणि मग माणसांची. आता सिमेंट ओतलं की हे शहाणपण त्याखाली जातं.

आता मुद्द्याचं. आमचा सडा परक्याला ओसाड वाटतो. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवं फुलतात, कातळ निळाजांभळा होतो. आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, वाघ, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी २०१२ च्या सुमारापासून गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत, सडे तुडवत ही कातळशिल्पं शोधली. उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ अशा ठिकाणांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. चित्रांच्या रेषा काही बोटंच खोल आहेत. कित्येक ठिकाणी मातीगवताखाली दडलेल्या, म्हणजे वरून जाणाऱ्याला कळणारही नाहीत.

चिरेखाणी आणि यंत्रं यांच्यापुढे दोन चाकांचं भय कमी, हे मान्य. पण एका सायकलीची रेघ दुसरीला बोलावते, मग तिथून मोटरसायकल जाते आणि चार वर्षांत गाडीरस्ता होतो. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून नातवाला मी "येऊ नको" म्हटलं नाही. उलट ही मुलं यावीत असंच मला वाटतं. सडा बघणारे डोळे वाढले तर तो वाचेल. त्याला एवढंच सांगितलं, की आधी गावात बस. ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना विचार, गुराख्याला बरोबर घे, कुठे चित्र आहे, कुठे फुलं येतात ते समजून घे. मग एकच वाट आखा आणि तिच्यावरूनच जा. मरीनच्या पोरांना हे भांडणानंतर कळलं, आपल्याला आधीच कळायला हरकत नाही.

वाट म्हणजे कुठून जायचं तेवढंच नव्हे, कुठे पाऊल टाकायचं नाही हेही तिने सांगायचं असतं. गणपतीपुळ्यात डोंगराला वळसा घालणाऱ्यांना हे निराळं शिकवायला नको. नातू "बघतो" म्हणाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मित्रांना घेऊन येणार आहे, गावातल्या चार जाणत्यांना मी सांगून ठेवलं आहे.