चार कवी, एक प्रकाशनगृह आणि ‘जेजुरी’

१९७६ साली मुंबईत चार इंग्रजी कवितासंग्रह प्रसिद्ध झाले: अरुण कोलटकर यांचा ‘जेजुरी’, आदिल जस्सावाला यांचा ‘मिसिंग पर्सन’, गीव पटेल यांचा ‘हाउ डू यू विथस्टँड, बॉडी’ आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांचा ‘नाइन एन्क्लोजर्स’. प्रकाशक एकच, ‘क्लिअरिंग हाउस’. आणि त्याचे मालक, संपादक व विक्रेते म्हणजे हेच चार कवी. हा धागा त्या उद्योगाविषयी आणि कोलटकरांनी त्यासाठी मोजलेल्या किमतीविषयी.

चौघांपैकी कोणीही धंदेवाईक प्रकाशक नव्हते. पटेल डॉक्टर होते, मेहरोत्रा अलाहाबादेत इंग्रजी शिकवीत, कोलटकर जाहिरातक्षेत्रातील नामांकित चित्रकार. मग स्वतःचे प्रकाशनगृह कशासाठी?

कारण खरी अडचण छपाईनंतर सुरू होत असे. छापखान्याचे बिल ताबडतोब द्यावे लागते. दुकानदार मात्र पुस्तके कमिशनवर ठेवतो, पैसे विक्रीनंतर देतो आणि न खपलेले गठ्ठे परत पाठवतो. कादंबरीला हा व्यवहार सोसतो. कवितेला सोसत नाही. कोलकात्यात पी. लाल यांची ‘रायटर्स वर्कशॉप’ ही संस्था १९५८ पासून इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींची पुस्तके काढीत होती, हातमागाच्या कापडाच्या सुबक बांधणीत. पण तेथे काही प्रती कवीनेच विकत घ्याव्यात अशी रीत होती. म्हणजे पहिला गिऱ्हाईक कवी स्वतःच.

‘क्लिअरिंग हाउस’ने वेगळा मार्ग धरला. वाचकांनी आगाऊ वर्गणी भरायची आणि चारही पुस्तके घ्यायची. वर्गणीतून छपाईला हातभार लागे, आणि पुस्तक कोणाच्या हाती जाणार हेही आधीच ठाऊक असे. ही युक्ती तशी नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मराठी ग्रंथ आगाऊ आश्रयदात्यांच्या बळावर निघाले आहेत. मुखपृष्ठे कोलटकरांनी केली. दिवसभर दुसऱ्यांचा माल देखणा करणाऱ्या माणसाने ती कला कवितेच्या पुस्तकाला वाहिली, हे मला या कहाणीत फार मोलाचे वाटते.

‘जेजुरी’ तर पुस्तक होण्याआधी एकदा हरवलीही होती. साठच्या दशकात कोलटकर आपले बंधू आणि मित्र कवी मनोहर ओक यांच्यासह जेजुरीला जाऊन आले. त्यातून झालेले लेखन त्यांनी एका अल्पजीवी नियतकालिकाला दिले आणि तेथे हस्तलिखित गहाळ झाले. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी ती कविता पुन्हा लिहिली. ती १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टरली’त छापून आली, आणि दोन वर्षांनी पुस्तक. १९७७ मध्ये त्या पुस्तकाला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. चार मित्रांनी चालवलेल्या प्रकाशनाचे पुस्तक, आणि सन्मान सातासमुद्रापलीकडचा!

मराठीतील घडामोड याला समांतरच होती. १९५४ मध्ये कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदी मित्रांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले होते. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी ‘असो’ सुरू केले. म्हणजे छपाई आणि वाटप आपल्या हाती ठेवण्याचा सराव या मंडळींना दोन दशकांचा होता. तरीही कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह, ‘अरुण कोलटकरच्या कविता’, १९७७ मध्ये आला. तेव्हा ते चाळिशी ओलांडून बरेच पुढे गेले होते. प्रकाशक होते शहाण्यांचे ‘प्रास प्रकाशन’.

आता किमतीविषयी. पुढे कित्येक वर्षे कोलटकर लिहीत राहिले, पण नवे पुस्तक आले नाही. मोठ्या, परदेशी प्रकाशकांविषयी ते सावध असत. पुस्तक कसे दिसेल, कोणाच्या हाती राहील, याचा निर्णय सोडून देणे त्यांना रुचत नसे. काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’मध्ये दर गुरुवारी त्यांची बैठक असे. ज्याला कोलटकर हवे असत, त्याने तेथे जावे. मुंबईबाहेरच्या वाचकाने काय करायचे? जगभर चर्चिलेले पुस्तक गावच्या दुकानात मिळत नाही, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला आला असणार. या हट्टाचे मला कौतुक आहे. पण त्यात वाचकाचेही नुकसान झाले, हे नाकारता येत नाही.

अखेरीस बांध फुटावा तसे झाले. २००३ मध्ये ‘भिजकी वही’ व ‘चिरीमिरी’, आणि २००४ मध्ये ‘द्रोण’, ‘काला घोडा पोएम्स’ व ‘सर्प सत्र’. सारी पुस्तके ‘प्रास’ची. कोलटकर तेव्हा कर्करोगाने आजारी होते. २५ सप्टेंबर २००४ रोजी ते गेले.

‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २००५ मध्ये ‘जेजुरी’ची आवृत्ती न्यूयॉर्कहून निघाली, २०१० मध्ये समग्र इंग्रजी कविता इंग्लंडमधून. मराठी ‘जेजुरी’ २०११ मध्ये आली, आणि ती मात्र ‘प्रास’नेच काढली.