हुकूम आणि उधाण

सत्ता आणि समुद्र यांचे सख्य इतिहासात फारसे आढळत नाही. जमिनीवर ज्यांचा शब्द शेवटचा मानला गेला अशा पुरुषांनी समुद्राच्या काठी येऊन मान खाली घातल्याची उदाहरणे मात्र बरीच सापडतात. त्यांतली काही वादळाची आहेत, आणि वादळापुढे कोणाचाच इलाज नसतो. आम्हांस येथे निराळ्या अपघातांविषयी लिहावयाचे आहे. जे पाणी ठरलेल्या वेळी येते, ठरलेल्या वेळी जाते आणि ज्याचे वेळापत्रक काठावरच्या प्रत्येकास ठाऊक असते, त्या पाण्याने केलेल्या घाताविषयी.

हे वेळापत्रक आमच्या कोकण किनाऱ्यावर तोंडी हिशेबाचे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच रेंगाळते, एवढेच या हिशेबाचे रहस्य. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे ते जेमतेम हलते, तो भांग. कोळ्याच्या पोराला हे पाढ्यांच्या आधी येते. जगज्जेत्यांना ते येत नव्हते.

इ. स. पूर्व 325च्या पावसाळ्यात अलेक्झांडर सिंधूच्या मुखाशी पोहोचला. पट्टल नगराहून आपले आरमार घेऊन तो नदीच्या पश्चिम फाट्याने समुद्राकडे निघाला, तेव्हा त्याच्याजवळ एकही वाटाड्या नव्हता. कारण त्याच्या येण्याच्या वार्तेनेच त्या भागातील लोक पळून गेले होते. वाऱ्याने काही गलबते मोडली. तेव्हा सैनिक धाडून आसपासची माणसे पकडून आणविली आणि त्यांना सुकाणूजवळ उभे केले. पुढे वारा अनावर झाला तेव्हा त्यांनीच दाखविलेल्या एका बाजूच्या कालव्यात आरमार आसऱ्याला शिरले. तेथे ओहोटी लागली आणि सारी जहाजे कोरड्यावर आली. आरियन हा ग्रीक इतिहासकार सांगतो की मॅसेडोनियन लोक या प्रकाराने भांबावून गेले. पण काही वेळाने पाणी परत आले तेव्हा ते त्याहून अधिक भांबावले. जी जहाजे चिखलात नीट बसली होती ती अलगद तरंगली. जी कठीण जमिनीवर कलली होती ती एकमेकांवर किंवा काठावर आदळून मोडली. ज्या समुद्राकाठी ही माणसे वाढली होती तो भूमध्य समुद्र. त्याची भरती बहुतेक ठिकाणी नजरेत भरत नाही. त्यांचे अज्ञान क्षम्य होते. परंतु ज्यांना ते ज्ञान होते त्यांना तलवारीच्या धाकाने आधी पळवून लावले होते, हे विसरता येत नाही.

ज्यूलियस सीझरची गोष्ट याहून बोधप्रद आहे, कारण त्यास भरती ठाऊक होती. इ. स. पूर्व 56मध्ये गॉलच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हेनेटी लोकांशी लढताना, भरतीने त्यांची गावे कशी तोडली जातात आणि ओहोटीत शत्रूची जहाजे कशी अडकून बसतात, याचे वर्णन त्याने स्वतःच केले आहे. पुढच्याच वर्षी तो ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला. पौर्णिमेची रात्र होती. लढाऊ जहाजे वाळूवर ओढून ठेवलेली, मालवाहू नांगरून ठेवलेली. रात्रीतून उधाण चढले, ओढलेली जहाजे पाण्याने भरली आणि नांगरलेली वादळाने झोडपली. 12 जहाजे कायमची गेली. पौर्णिमेला महासागराची भरती सर्वांत मोठी असते ही गोष्ट आमच्या लोकांस माहीत नव्हती, असे सीझर लिहितो. शरण आलेल्या ब्रिटिश नायकांनी ती मोडतोड पाहिली आणि पुन्हा युद्ध उभारले. भरती असते हे जाणणे आणि ती कोणत्या रात्री किती येईल हे जाणणे, यांत किती अंतर आहे ते त्या रात्री रोमला कळले.

आता याच्या उलट बाजूचे एक चित्र. इ. स.च्या पहिल्या शतकात ईजिप्तकडील एका अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची एक वाटपोथी लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. भडोचच्या खाडीचे त्याचे वर्णन वाचताना आजही छाती दडपते. खंबायतच्या आखातात पाणी सुमारे 10 मीटर चढते-उतरते. तळ एकाएकी उघडा पडतो आणि थोड्याच वेळात त्यावरून लाटांची भिंत गर्जत येते, तीत जहाजे उलथतात, असे तो सांगतो. पण लगेच तो आणखी एक गोष्ट नोंदवितो. राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परकी जहाजांना दोर लावून भरतीबरोबर आत ओढून आणीत आणि ओहोटीच्या वेळी ठरलेल्या खोल डोहांत नांगरून ठेवीत. हा राजा म्हणजे क्षहरात नहपान, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. त्याचा जावई उषवदात याने डहाणू, दमण, तापी इत्यादी नद्यांवर फुकट तरी चालविल्याचे नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. नहपान शक वंशाचा, म्हणजे या भूमीस परकाच. परंतु परक्या मुलुखात राज्य करावयाचे तर पाण्याची विद्या ज्यांच्याजवळ आहे त्यांना पळवून न लावता पगारावर ठेवावे, एवढे त्याच्या कारभाराला समजले होते.

यंत्रयुगाने ही अडचण दूर केली, असे कोणास वाटेल. 1857 साली लंडनला टेम्स नदीच्या काठी ब्रुनेल या थोर स्थापत्यविशारदाचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे 692 फूट लांबीचे जहाज तयार झाले. एवढे धूड सरळ लोटण्यास नदीची रुंदी पुरेना, म्हणून ते आडवे सरकवावयाचे ठरले. उधाणाचा दिवस साधून 3 नोव्हेंबर ही तारीख नेमली गेली. ब्रुनेलला कामाच्या वेळी शांतता हवी होती; कंपनीने तिकिटे विकून जत्रा भरविली. जहाज थोडे सरकले, एका रहाटाच्या मुठी गरगरा फिरल्या, कामगार उडाले, मृत्यूही ओढवला. जहाज अडून बसले. लोखंडावर लोखंड घासत होते, हा दोष भरतीचा नव्हता. परंतु हुकलेल्या उधाणाची किंमत भरतीनेच वसूल केली. जलदाबाच्या यंत्रांनी त्यास इंचाइंचाने रेटीत नेण्यात पुढचे तीन महिने गेले. अखेर 31 जानेवारी 1858 रोजी, मोठ्या उधाणाच्या पाण्याने ते उचलले. पुढे 1870 साली याच जहाजाने मुंबई ते एडनची समुद्री तार टाकली. त्या मुंबईत तेव्हा शंभरावर वर्षे निराळी रीत चालू होती. लवजी वाडिया आणि त्यांचे वंशज सुक्या गोदीत जहाज बांधीत, आणि ते पुरे झाले की भरतीच्या वेळी गोदीत पाणी घेऊन ते तरंगवीत. 1810 साली ब्रिटिश आरमारासाठी बांधलेले ‘मिंडेन’ हे 74 तोफांचे जहाज याच गोदीचे. जहाजाला पाण्याकडे लोटण्यापेक्षा पाण्याला जहाजाकडे येऊ देणे त्यांना पसंत होते.

शेवटचे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. 20 नोव्हेंबर 1943 रोजी अमेरिकन सैन्य पॅसिफिकमधील तारावा बेटावर उतरले. त्या बेटांत अनेक वर्षे राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी, त्या दिवसांत भांग असून प्रवाळाच्या बांधावर होड्यांपुरते पाणी राहणार नाही, असे आधीच बजावले होते. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले, धोका विचारात घेतला गेला, तारीख मात्र कायम राहिली. होड्या बांधावर अडल्या. सैनिकांना शेकडो यार्ड पाण्यातून, गोळ्यांच्या वर्षावात चालत जावे लागले. तीन दिवसांच्या त्या लढाईत सुमारे 1,000 अमेरिकन माणसे कामास आली. येथे अज्ञान नव्हते. जाणकाराचा सल्ला नोंदवून घेऊन बाजूस ठेवला होता.

भारतातील बंदरांची भरतीची कोष्टके समुद्रापासून शेकडो कोस दूर, हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडूनला सर्वेक्षण विभागाच्या कचेरीत तयार होत आली आहेत. त्यात वावगे काही नाही. गणित कोठेही करता येते. परंतु कोष्टकात पाण्याची उंची मिळते, गेल्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वाळू कोठे साचली ते मिळत नाही. ते तेथल्या तांडेलास विचारावे लागते, आणि त्याच्या भाषेत विचारावे लागते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या नेमणुका अशा ठिकाणी होतात की जेथले पाणी आपल्या ओळखीचे नसते. ते पाणी नेहमी समुद्राचेच असते असे नाही. हुकमावर तारीख आपल्याला घालता येते. तिथी आधीच पडलेली असते. नहपानाच्या पगारपटावर कोळी होते. आपल्या कचेरीच्या पटावर असा एखादा असेलही. त्याला बोलावयास कोणी सांगितले आहे काय, एवढेच पाहावयाचे.