चार इंचांचं पातं: खिशातला चाकू विमानातून कसा उतरला

बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत कधी आजूबाजूला बघितलंय? कुणाच्या तरी सॅकमधून हमखास एक छोटासा लाल चाकू निघतो. तोच, नेलकटरएवढा, पांढऱ्या क्रॉसचा. किंवा घडी घातलेली पक्कड, जिच्या पोटात पाच-सहा हत्यारं लपलेली असतात. जवान मान हलवतो. मागे जाऊन चेक-इन बॅगेत टाका, नाहीतर इथेच सोडा. बॅग तर कधीच पट्ट्यावरून आत गेलेली असते. मग काय, सोडा!

आता हे ऐका. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळपर्यंत अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू खिशात घालून विमानात बसता येत होतं. लपूनछपून नाही, उघडपणे. सरकारी नियमात अशा चाकूवर स्पष्ट बंदी नव्हती आणि तपासणी नाक्यांसाठी विमान कंपन्यांची जी मार्गदर्शिका होती, तिच्यात 'चालेल' असं चक्क लिहिलेलं होतं. चार इंच म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर. घरातली भाजी चिरायची सुरी आठवा, तेवढं पातं.

हे वाचून 'काय वेडे होते का हे लोक?' असं वाटेल. पण जरा थांबा. त्या काळात खिशातला चाकू म्हणजे शस्त्र नव्हतंच, ती कामाची वस्तू होती. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात एक पातं, डबा उघडायचं हत्यार, भोक पाडायची आरी आणि स्क्रू ड्रायव्हर. स्क्रू ड्रायव्हर कशाला? तर सैनिकांची नवी रायफल खोलायला तो लागायचा. १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही आला. (अधिकाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात, काय करणार!) हीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स कंपनी. तिकडे अमेरिकेच्या टिम लेदरमन यांनी १९७५ मध्ये एका खटारा फियाटमधून युरोप पालथा घातला. गाडी सारखी बिघडायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नाही म्हणून ते वैतागायचे. त्या वैतागातून जे हत्यार जन्मलं ते १९८३ मध्ये बाजारात आलं, आणि आज मल्टी-टूल म्हटलं की अनेक जण त्यालाच 'लेदरमन' म्हणतात.

थोडक्यात, प्रवास आणि खिशातला चाकू ही जुनी जोडी. विमानतळावरच्या दुकानांत हे चाकू भेटवस्तू म्हणून धडाधड खपायचे. अंतराळातसुद्धा गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये अटलांटिस यान रशियाच्या मीर स्थानकाला जोडल्यावर तिथलं दार कसून बांधलेलं निघालं. कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी ते आपल्या स्विस चाकूने मोकळं केलं. म्हणजे अंतराळात चालतो, पुणे-दिल्ली फ्लाइटमध्ये चालत नाही!

पण मग विमानात चाकू चालू देण्यामागे काही विचार होता का? होता. ९/११ च्या चौकशी आयोगाने तो नोंदवून ठेवलाय. एक, असा छोटा चाकू धोकादायक वाटत नव्हता. दोन, बहुतेक ठिकाणच्या स्थानिक कायद्यात तो बाळगायला मनाई नव्हती. आणि तीन, इतकं लहान धातू पकडायचं तर मेटल डिटेक्टर फारच संवेदनशील करावे लागले असते. १९९३ मध्ये सगळ्याच चाकूंवर बंदी घालायचा प्रस्ताव आला होता. तो फेटाळला गेला, कारण छोटी पाती सापडणं अवघड, आणि निरपराध माणसांमुळेच यंत्र सारखं वाजत राहिलं असतं. रांगा वाढल्या असत्या.

मला यातलं तिसरं कारण सगळ्यात जास्त खटकतं. पहिली दोन कारणं निदान चाकूबद्दल आहेत. तिसरं यंत्राबद्दल आहे. 'सापडणार नाही, म्हणून चालेल' असा हा हिशोब.

शिवाय एक मोठं गृहीतक होतं. विमान पळवणाऱ्याला काहीतरी हवं असतं: पैसे, सुटका, प्रसिद्धी. त्यामुळे कर्मचाऱ्यांना शिकवलं जायचं की वाद घालू नका, सहकार्य करा, विमान खाली उतरवा, पुढचं वाटाघाटीत बघू. आपल्याकडेही तोवर असंच घडत आलं होतं. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' नावाचं फोकर विमान लाहोरला नेलं गेलं ते खेळण्यातल्या पिस्तुलाच्या जोरावर. सप्टेंबर १९८१ मध्ये दल खालसाच्या माणसांनी इंडियन एअरलाइन्सचं विमान नुसत्या कृपाणांच्या धाकाने लाहोरला नेलं. दोन्ही वेळा विमान उतरलं आणि प्रवासी घरी परतले. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार प्रकरणात मात्र पिस्तुलांबरोबर चाकूही होता आणि एका तरुण प्रवाशाचा त्यानेच जीव गेला. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून आपल्या विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे गेली. आज तुमची बॅग उघडायला लावणारा जवान तिथे उभा आहे तो त्यामुळे.

आणि मग ११ सप्टेंबर. अपहरणकर्त्यांनी आधीच्या आठवड्यांत छोटे चाकू आणि मल्टी-टूल साध्या दुकानांतून विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावरचं सीसीटीव्ही चित्रण बघितलं तर त्यांच्यातल्या एकाच्या बाबतीत दोन्ही मेटल डिटेक्टर वाजतात. हातातल्या यंत्राने त्याची तपासणी होते आणि तो पुढे जातो. त्याच्या मागच्या खिशाला काहीतरी क्लिपने अडकवलेलं दिसतं. ते काय होतं, ते कुणी बघितलंच नाही.

फ्लाइट ११ मधून बेटी ऑंग या हवाई सेविकेने जमिनीवर फोन लावला. शांत आवाजात ती सांगत होती की आमच्या सहकाऱ्यांना भोसकलंय आणि कॉकपिटमधून कुणी उत्तर देत नाहीये. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पातं सगळ्यात आधी लागलं ते केबिनमध्ये काम करणाऱ्यांना.

यानंतर सगळे चाकू बंद. जेवणाच्या ट्रेमधली धातूची सुरीसुद्धा गेली, प्लॅस्टिकची आली. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंची विक्री अक्षरशः रातोरात सुमारे ३० टक्क्यांनी घसरली. पण कंपनीने माणसं काढली नाहीत. सुट्ट्या पुढे-मागे केल्या, ओव्हरटाइम थांबवला, काही कामगार आसपासच्या दुसऱ्या कंपन्यांकडे तात्पुरते पाठवले आणि घड्याळं, बॅगा यांवर जोर दिला. अमेरिकेत जप्त झालेले चाकू राज्य सरकारांकडे जाऊ लागले. पेनसिल्व्हेनियासारखी राज्यं ते ढिगाने विकतात. कुणाच्या आजोबांचा चाकू, कुणाच्या वाढदिवसाची भेट, सगळं एकाच खोक्यात.

त्याच काळात, जप्तीएवढा गाजावाजा न होता, एक दुसरा बदल झाला: कॉकपिटचं दार. पूर्वी ते तसं हलकंच असायचं. एप्रिल २००३ पर्यंत अमेरिकेतल्या प्रवासी विमानांना मजबूत, आतून बंद होणारी दारं बसली. आता छोट्या चाकूने विमान ताब्यात घेणं जवळपास अशक्य. मग चाकूबंदी कशासाठी?

हाच प्रश्न अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेचे, म्हणजे टीएसएचे, प्रमुख जॉन पिस्टोल यांनी मार्च २०१३ मध्ये विचारला. युरोपात सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं चालतं, आपणही चालवू, असं त्यांनी जाहीर केलं. पातं जागेवर लॉक होणारं नको, एवढी अट. त्यांचं म्हणणं असं की आमचे लोक रोज सुमारे २,००० छोटे चाकू शोधत बसतात. विमान पाडतो बॉम्ब, चाकू नाही. नजर बॉम्बवर हवी. त्याच यादीत हॉकी स्टिक आणि गोल्फच्या काठ्याही होत्या!

कागदावर बिनतोड युक्तिवाद. पण सुमारे ९०,००० सदस्यांच्या हवाई कर्मचारी संघटना पेटून उठल्या. त्यांचं उत्तर साधं होतं: दार पायलटला वाचवतं, आम्ही दाराच्या या बाजूला असतो. दारू चढलेला, सीटवरून भांडणारा माणूस, त्याच्या खिशात चाकू आणि आम्ही पस्तीस हजार फुटांवर. पोलिसांना बोलवायचं कुठून? डेल्टासारख्या मोठ्या कंपनीचे प्रमुखही त्यांच्या बाजूने उभे राहिले. नियम २५ एप्रिलला लागू होणार होता, पण त्याआधी १५ तारखेला बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. २२ ला निर्णय लांबला आणि ५ जूनला रद्दच झाला.

मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, फक्त वेगळ्या गोष्टी मोजत होते. पिस्टोल विमान मोजत होते, संघटना माणसं मोजत होत्या. आणि चौकशीच्या खुर्चीत बसून नव्हे तर गल्लीत ट्रॉली ढकलत जिचा दिवस जातो, तिच्या शब्दाला जास्त वजन मिळालं याचं मला तरी बरं वाटतं.

म्हणून आज जगभर एक नियम नाही. झुरिच विमानतळावर सिक्युरिटी ओलांडल्यावरसुद्धा छोटा स्विस चाकू विकत मिळतो. कॅनडाने २०१७ मध्ये सहा सेंटिमीटरची सूट दिली, फक्त अमेरिकेला जाणाऱ्या फ्लाइट सोडून. भारतात केबिनमध्ये खिशातला चाकू नाहीच. मात्र मार्च २०२२ च्या आदेशानुसार शीख प्रवाशांना देशांतर्गत प्रवासात कृपाण नेता येतं: पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. त्याविरुद्ध कोर्टात याचिकाही झाल्या, पण सूट टिकली. ज्या देशात १९८१ मध्ये कृपाण दाखवून विमान पळवलं गेलं, तिथे हा नियम झाला, हे मला विशेष वाटतं.

आणि एल्सनर यांचे वंशज? २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने सांगितलं की पातंच नसलेलं खिशातलं हत्यार बनवायचं काम चालू आहे. ते येईल तेव्हा येईल. तोवर तुमचा लाल चाकू आणि घडीची पक्कड घरून निघतानाच चेक-इन बॅगेत टाका, आणि जाकिटाचे खिसेही तपासा. तो बहुतेक वेळा तिथेच सापडतो.