मोटेची सोंड

पारोळा तालुक्यातली बोरी नदी पावसाळा सरला की रोडावते. तामसवाडीचे धरण होण्याआधी इथली बागायत मुख्यतः विहिरींवर चाले आणि विहिरीवर मोट, म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची पाण्याची पिशवी, असे. मोटेला जोडलेली चामड्याची लांब नळी म्हणजे सोंड. रबरी होस येण्याच्या कितीतरी आधी खानदेशात राबलेली हीच लवचीक नळी.

मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला असे आणि तो वरच्या चाकावरून जाई. बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला असे आणि तो थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचे पाणी पडते त्या कुंडाच्या, कडेच्या रुळावरून जाई. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली जाऊ लागले की मोट भरून वर येई. तोपर्यंत सोंदुराने सोंडेचे टोक मोटेच्या तोंडाइतके उंच धरलेले असे, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली की नाडा तिला आणखी वर खेची, सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढून घेई आणि पाणी आपसूक रिते होई. मोट रिकामी करायला वेगळा माणूस लागत नसे.

या सोयीची किंमत सोंडेला मोजावी लागे. प्रत्येक खेपेला ती मोटेशी जोडलेल्या शिवणीपाशी वाके आणि थारोळ्याच्या दगडावर घासे. सोंदूर सैल पडला तर टोक खाली येऊन अर्धे पाणी विहिरीतच परते. फार ताणला तर सगळा भार शिवणीवर येई. म्हणून दोन्ही दोरांच्या लांबीचा मेळ पुन्हा पुन्हा पाहावा लागे. त्याहून मोठा शत्रू म्हणजे भिजणे आणि वाळणे. सतत ओले राहिलेले कातडे कुजते. खानदेशी उन्हात टाकलेले कातडे ताठ होऊन तडकते.

यावरचा उपाय मोट शिवण्याआधीच सुरू होई. चुन्याच्या पाण्यात केस काढलेले कातडे बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत मुरवत. सालीतल्या तुरट द्रव्याने ते लवकर कुजत नसे. शिवणीला चामड्याचीच वादी वापरत. पुढे वेळोवेळी तेल पाजणे, काम नसताना सावलीत टांगणे, भोक मोठे होण्याआधी ठिगळ लावणे, ही निगा चाले. मोट चर्मकार शिवत, दोर मांग वळत. ज्यांच्या कसबावर गावाचे मळे भिजत, त्यांनाच गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. मोटेच्या इतिहासातली ही गोष्ट वगळता येत नाही.

पुढे लोखंडी पत्र्याची मोट आली. पोहरा पत्र्याचा झाला, सोंड मात्र बराच काळ चामड्याचीच राहिली, कारण पत्रा वाकत नाही.

ऑइल इंजिन आणि पंप आल्यावर नळीचे दुखणे बदलले. पंपाच्या ओढीच्या बाजूला आत निर्वात तयार होतो, त्यामुळे नरम नळी चपटी होते. ते टाळण्यासाठी नळीच्या भिंतीत तारेचे वेटोळे घालतात. जोडावरची बारीक फट पाणी गाळत नाही, हवा ओढते. मग पंप पाणी सोडतो. हवेच्या दाबाने पाणी सिद्धांताने सुमारे १० मीटर चढते, प्रत्यक्षात ६-७ मीटर. खोल विहिरींत पंप खाली कट्ट्यावर बसवावा लागे तो याचमुळे. देणाऱ्या बाजूला आतून दाब असतो. तिथे पंप एकदम बंद पडला की मागे फिरलेल्या पाण्याच्या आघाताने नळी फुटते किंवा जोड निसटतो.

१९६३ साली भवरलाल जैन यांनी जळगावात सुरू केलेल्या व्यवसायातून १९८० पासून पीव्हीसी पाइप निघू लागले आणि त्याच दशकात ठिबक सिंचन आले. प्लास्टिक कुजत नाही, पण ऊन त्याला ठिसूळ करते. ठिबकची नळी काळी असते ती त्यातल्या काजळीमुळे; काजळी अतिनील किरण शोषून घेते. आता घासणीपेक्षा गाळ आणि क्षार जास्त त्रास देतात. म्हणून फिल्टर धुवावा लागतो, नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ वाहू द्यावा लागतो, क्षारांसाठी अधूनमधून आम्ल सोडावे लागते. उंदीर आणि खारी नळी कुरतडतात, तिथला तुकडा कापून जोडणी घालतात. हंगाम संपला की नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून सावलीत ठेवतात, कारण लहान वेटोळ्यात त्यांना मोड पडतो आणि नळी मोडावरच आधी चिरते.