वही कोणाच्या कपाटात?

साथीच्या रोगात डॉक्टर रोग्याला एक प्रश्न हमखास विचारतात : गेल्या काही दिवसांत तुम्ही कोणाकोणाला भेटलात? २०२० साली कोविडच्या साथीत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड झाले. लक्षणे दिसण्याआधीच एकाकडून दुसऱ्याला लागण होत होती, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक असते? तेव्हा हे काम खिशातल्या मोबाइलवर सोपवावे, अशी कल्पना पुढे आली.

मोबाइलमधले ब्लूटूथ थोड्या अंतरापर्यंत पोचणाऱ्या रेडिओलहरी पाठवते. दोन मोबाइल जवळ आले की त्यांनी एकमेकांचे संकेतांक टिपायचे आणि लहरींच्या तीव्रतेवरून अंतराचा अंदाज बांधायचा. सिंगापूरने २० मार्च २०२० रोजी आणलेले ‘ट्रेसटुगेदर’ हे अ‍ॅप याच तत्त्वावर चाले. भेटींची नोंद मोबाइलमध्येच राही. पण कोणता संकेतांक कोणत्या फोन नंबरचा, हे सरकारी सर्व्हरला कळत असे. एखाद्याला लागण झाली की त्याची नोंदवही सर्व्हरकडे जाई आणि त्याला भेटलेली माणसे तेथे शोधली जात.

भारतात २ एप्रिलला ‘आरोग्य सेतू’ आले. त्यात नाव, फोन नंबर, वय, व्यवसाय ही माहिती सर्व्हरवर नोंदली जाई. शिवाय जीपीएसच्या साहाय्याने ठिकाणही टिपले जाई. १ मेच्या केंद्र सरकारच्या आदेशाने हे अ‍ॅप सर्व कर्मचाऱ्यांना सक्तीचे झाले. १७ मेच्या आदेशात ही सक्ती सौम्य झाली. आपल्यापैकी अनेकांनी ते घेतलेही. माझ्यासकट किती जणांनी विचारले की आपली माहिती राहते कोठे?

युरोपात हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. कोण कोणाला भेटले याचा नकाशा एका ठिकाणी जमला, तर त्यातून फक्त रोगच शोधता येतो असे नाही. सभेला कोण होते, पत्रकाराला कोण भेटले, हेही त्यातून कळू शकते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठातल्या कार्मेला ट्रॉन्कोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्ये दुसरी पद्धत मांडली.

ही पद्धत वर्गात करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठ्यांवर मनाला येतील ते सहा-सात आकडी अंक लिहावेत, नाव लिहू नये. आपले अंक वहीत उतरवून ठेवावेत. मग वर्गात फिरून भेटेल त्याला एकेक चिठ्ठी द्यावी. नंतर एकाला ‘रोगी’ ठरवावे. त्याने स्वतः वाटलेले अंक फळ्यावर लिहावेत, इतरांनी आपल्याजवळच्या चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात. ज्याचा अंक जुळला, त्याला आपण संपर्कात आलो हे कळते, पण शिक्षकांना ते कळत नाही! आता हाच खेळ दुसऱ्या तऱ्हेने खेळा. प्रत्येकाचे अंक आणि नावे यांची यादी आधीच शिक्षकांकडे द्यायची, आणि रोग्याने आपल्याजवळ जमलेल्या चिठ्ठ्याही शिक्षकांना द्यायच्या. माहिती तीच, पण आता सारा नकाशा शिक्षकांच्या हाती आहे.

१० एप्रिलला अ‍ॅपल आणि गुगल यांनी पहिल्या प्रकारच्या पद्धतीला आपल्या मोबाइलमध्ये सोय देण्याचे जाहीर केले. महिनाअखेरीस जर्मनीने आपला बेत बदलून तीच पद्धत स्वीकारली. १८ जूनला ब्रिटननेही मध्यवर्ती सर्व्हरची योजना सोडली. फ्रान्सने मात्र मध्यवर्ती पद्धतच ठेवली. तिच्या बाजूनेही मुद्दा आहे. माहिती विखुरलेली राहिली तर साथ कशी पसरते याचे चित्र आरोग्य खात्याला मिळत नाही, आणि सूचना मिळालेल्या माणसाने तपासणी करावी की नाही, हे त्याच्यावरच राहते.

पण सिंगापूरची पुढची हकीकत विचारात पाडणारी आहे. ही माहिती केवळ संपर्क शोधण्यासाठी वापरू, असे लोकांना सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये तेथील संसदेत स्पष्ट झाले की गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांनाही ती मागता येते. एका खुनाच्या तपासात ती वापरली गेली होती. नाराजी उमटल्यावर फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला. खुन्याला शोधणे वाईट नव्हे. पण एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामी लागली, आणि हे लोकांना नंतर कळले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. कायदा हवाच. पण जी माहिती सर्व्हरकडे गेलीच नाही, तिचा तेथून गैरवापरही होत नाही. शाळेत हजेरीसाठी वा अभ्यासासाठी नवे अ‍ॅप आले, तर मुलांची नावे भरण्यापूर्वी विचारावे : ही वही कोणाच्या कपाटात राहणार, आणि किल्ली कोणाकडे?