चोबे : एका दिवसाची सीमापार वन्यजीव सफर

झिंबाब्वेतील व्हिक्टोरिया फॉल्स किंवा झांबियातील लिव्हिंग्स्टन येथून सकाळी निघून, सीमा ओलांडून बोट्स्वानाचे चोबे राष्ट्रीय उद्यान पाहून सायंकाळी परतता येते. व्हिक्टोरिया फॉल्सपासून उद्यानालगतचे कसाने हे गाव सुमारे ८० किलोमीटरवर आहे. झांबियाच्या बाजूने २०२१ पासून झांबेझी नदीवरील ९२३ मीटर लांबीचा काझुंगुला पूल उपलब्ध आहे. त्याच दिवशी परतायचे असल्याने मूळ देशाचा व्हिसा पुनर्प्रवेशास चालणारा असावा लागतो. बोट्स्वानाचे प्रवेशनियम वेगळे आहेत.

सकाळी नौकाविहार व दुपारी उघड्या वाहनातून भ्रमंती, असा सामान्य क्रम असतो. नौकेतून पाणघोडे, मगरी व पाणपक्षी जवळून दिसतात. काठावरील वाटांवर रानम्हशी, जिराफ, कुडू आणि कधी सिंह. मे ते ऑक्टोबर या कोरड्या काळात आतील पाणवठे आटतात आणि हत्तींचे कळप नदीवर येतात.

नदीतील सेडुडू बेटावर बोट्स्वाना आणि नामिबिया या दोघांचा दावा होता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९९ मध्ये बोट्स्वानाच्या बाजूने निकाल दिला. हत्तींना ती रेषा ठाऊक नाही. ते पोहत जाऊन बेटावर चरतात. वन्यजीवांच्या या वाटा मोकळ्या राहाव्यात यासाठी अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया व झिंबाब्वे यांनी २०११ मध्ये संयुक्त संवर्धनक्षेत्राचा करार केला. तेथे २०२२ च्या गणनेत सुमारे २,२७,९०० हत्तींचा अंदाज निघाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बोट्स्वानात होते.